विस्तव राखणारा

अग्नीशी माणसाचा व्यवहार तीन प्रकारचा असतो. तो अग्नी पेटवतो, तो अग्नी विझवतो, आणि या दोहोंच्या मधल्या दीर्घ काळात तो अग्नी राखतो. पेटवणे आणि विझवणे या थोड्या वेळाच्या गोष्टी आहेत. त्यांना साक्षीदार असतात आणि पुष्कळदा त्यांचे समारंभही होतात. राखण्याचे काम मात्र रात्रंदिवस चालते आणि ते कोणी पाहत नाही. इंग्रजी भाषेने या तिसऱ्या कामासाठी एक स्वतंत्र क्रियापद योजले आहे. ते क्रियापद ‘स्टोक’, आणि हे काम करणारा तो ‘स्टोकर’.

‘स्टोक’ करणे म्हणजे आग लावणे नव्हे. जळत असलेल्या अग्नीला इंधन पुरवणे, साचलेली राख झाडून त्याला वारा मोकळा करणे, आणि त्याची धग हवी तितकी टिकवणे, एवढा सगळा अर्थ या एका शब्दात आहे. अग्नी आधीच पेटलेला आहे, हे त्यात गृहीतच धरलेले असते. थंड चुलीला कोणी ‘स्टोक’ करू शकत नाही. शब्दाचा हा बारकावा ध्यानात ठेवला, म्हणजे त्याचे पुढचे सारे उपयोग आपोआप उलगडतात. आणि तो कोशापेक्षाही अधिक स्पष्टपणे जेथे कळतो असे एक गाव छत्तीसगडात आहे. ते म्हणजे भिलाई. पण तेथे जाण्यापूर्वी शब्दाचे कूळ पाहणे बरे.

इंग्रजीने हा शब्द सतराव्या शतकात डच भाषेकडून घेतला. गंमत अशी की आधी आला तो ‘स्टोकर’ हा माणूस. त्याच्या कामाचे क्रियापद इंग्रजांनी मागाहून त्या नावावरून बनवले. डच भाषेतील मूळ क्रियापद ‘स्टोकन’. त्याचा जुना अर्थ टोचणे, ढोसणे असा असून काठी या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. काठीने निखारे हलवणारा माणूस या शब्दाच्या मुळाशी उभा आहे. आजच्या डच भाषेतही हे क्रियापद घर उबदार ठेवणे, मद्य गाळणे आणि भांडण पेटते ठेवणे अशा तिन्ही अर्थांनी चालते. इंग्लंडमध्ये ‘स्टोक’ नावाची पुष्कळ गावे आहेत, परंतु त्यांचा या शब्दाशी संबंध नाही. त्या नावांत वस्ती किंवा वाडी या अर्थाचा एक जुना इंग्रजी शब्द आहे.

आपल्याकडे संस्कृतात ‘इन्ध्’ म्हणजे प्रज्वलित करणे असा धातू आहे. ‘इंधन’ आणि ‘समिधा’ हे दोन्ही शब्द त्यातूनच निघाले. मराठी गृहिणीच्या बोलण्यात या कामाला एक शब्द नाही, अनेक आहेत. ती जाळ घालते, लाकूड पुढे सारते, फुंकणीने विस्तव फुंकते, आच मंद करते, आणि रात्री निजण्यापूर्वी निखारे राखेखाली झाकून ठेवते, म्हणजे सकाळी शेजारी विस्तव मागायला जावे लागत नाही. मराठीत ‘रक्षा’ या शब्दाचे राख आणि राखण असे दोन्ही अर्थ होतात. चुलीतल्या त्या झाकलेल्या निखाऱ्यांपाशी हे दोन अर्थ एकत्र येतात.

वाफेच्या युगाने या घरगुती कामाचा धंदा केला. गिरणी, आगगाडी आणि आगबोट यांची सारी शक्ती बॉयलरखालच्या आगीत होती, आणि ती आग एका माणसाच्या फावड्यावर अवलंबून होती. दुरून पाहणाऱ्याला वाटे, यात कसले कौशल्य? कोळसा उचलावा आणि आत टाकावा. वस्तुतः तसे नव्हते. एकदम पुष्कळ कोळसा टाकला तर आग दडपते, वायू न जळताच निघून जातो आणि धुराड्यातून काळा धूर येतो. कोळसा कमी पडला तर आगीच्या थरात भोके पडतात, त्यांतून थंड वारा आत शिरतो आणि वाफेचा दाब उतरतो. म्हणून कोळसा थोडा थोडा, वरचेवर आणि सारखा पसरून घालावा लागे. राख वितळून तिचे घट्ट गठ्ठे जाळीला चिकटत. ते लांब सळईने फोडून बाहेर ओढावे लागत. जाणता स्टोकर ज्वालेच्या रंगावरून आगीची प्रकृती ओळखी.

काळा धूर हे उद्योगाच्या भरभराटीचे लक्षण आहे असे पूर्वी पुष्कळांना वाटे. खरे पाहता काळा धूर म्हणजे न जळता वाया गेलेले इंधन होय. मुंबईत गिरण्यांची धुराडी वाढली तेव्हा १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवासंबंधी स्वतंत्र कायदा करावा लागला. शहराची हवा अखेर भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातावरही अवलंबून असते, ही गोष्ट त्या कायद्याच्या निमित्ताने सरकारदरबारी नोंदली गेली.

आगगाडीवर या माणसाला आपल्याकडे ‘फायरमन’ म्हणत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, त्या दिवसापासून हा माणूस रेल्वेच्या इतिहासात आहे. पण तो चालकाच्या शेजारी आणि त्याच्या छायेत राहिला. भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तेथे सदतीस फुटांना एक फूट असा खडा चढ होता. विजेची इंजिने येण्यापूर्वी हा चढ वाफेच्या बळावर चढावा लागे, आणि अशा चढासाठी आग आधीपासून सिद्ध करून ठेवावी लागते. चढ लागल्यावर कोळसा घालू लागणाऱ्याची गाडी अर्ध्या वाटेत थकते. भारतात ब्रॉडगेज मार्गांवरची वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली आणि फायरमनचे फावडेही खाली ठेवले गेले.

जहाजावरील स्टोकरला हिंदी खलाशांनी सरळ आणि नेमके नाव दिले होते: ‘आगवाला’. यंत्राला तेल घालणारा तो ‘तेलवाला’, कोळसा आणून देणारा तो ‘कोलवाला’, आणि या सर्वांवर ‘सारंग’. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई आणि कलकत्ता येथून निघणाऱ्या आगबोटींना असे शेकडो आगवाले लागू लागले. ते जहाजाच्या तळाशी, समुद्रपातळीच्या खाली, भट्ट्यांच्या रांगेपुढे पाळीपाळीने उभे राहत. तांबड्या समुद्रात तेथील उष्मा असह्य होई. वरच्या मजल्यावरील उतारूंना त्यांची चाहूलही नसे. एकाच जहाजावर त्यांना मिळणारे वेतन युरोपीय खलाशाच्या वेतनापेक्षा पुष्कळच कमी होते. अमेरिकन नाटककार यूजीन ओनील यांनी १९२२ मध्ये अशाच एका स्टोकरला नाटकाचा नायक केले, तेव्हा रंगभूमीला तो अनुभव नवा होता.

आता भिलाईकडे वळावे. या प्रदेशाला लोखंड गाळण्याची विद्या नवी नाही. छत्तीसगड आणि त्याला लागून असलेल्या मेकल डोंगराच्या परिसरात अगरिया नावाची जमात पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहानशा भट्ट्यांत लोखंड गाळीत असे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये तिच्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या भट्टीला इंधन लोणारी कोळशाचे, आणि वारा घालण्यासाठी पायांनी दाबण्याचे भाते. लोखंड सुटेपर्यंत भात्यावरचे पाय थांबवता येत नसत. पाय थांबले की धग उतरते आणि साऱ्या श्रमांची माती होते. भिलाईच्या प्रचंड यंत्रांपुढे ही भट्टी खेळण्यासारखी वाटेल, पण दोहोंचा नियम एकच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या भूमीतील लोखंडाची वार्ता नागपुरातून दूरवर गेली. पोलाद कारखान्यासाठी जागा शोधणारे दोराबजी टाटा नागपुरास आले असता तेथील वस्तुसंग्रहालयात त्यांच्या दृष्टीस भूगर्भशास्त्राचा एक नकाशा पडला. त्यावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाच्या जागा दाखवलेल्या होत्या. प्रमथनाथ बोस यांनी या भागाची पाहणी पूर्वीच केली होती. टाटांची माणसे दल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत जाऊन आली. खनिज उत्तम आहे अशी खात्रीही झाली. तथापि कोक करण्याजोगा कोळसा आणि पुरेसे पाणी जवळपास नव्हते. अखेर टाटांचा कारखाना पूर्वेकडे साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. दुर्गच्या डोंगरांत लोखंड होते, पण ते गाळणारा अग्नी पोसण्याची सोय नव्हती. भट्टी कोठे असावी हे केवळ खनिजावर ठरत नाही. तिला जन्मभर खाऊ काय घालणार, यावरही ते ठरते.

तो अग्नी यायला अर्धशतक लागले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन पोलादाच्या कारखान्यासाठी करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. खनिज दल्ली-राजहराहून, चुनखडी नंदिनीहून आणि कोळसा झरियासारख्या दूरच्या खाणींतून आगगाडीने येऊ लागला. पुढे तर कोक करण्याजोगा कोळसा परदेशातून, समुद्रमार्गेही आणावा लागला. उद्घाटनाचा दिवस एकच होता. इंधनाच्या गाड्या मात्र त्यानंतर रोज येत राहिल्या आहेत.

येथे अग्नी दोन ठिकाणी राखावा लागतो. पहिले ठिकाण कोकभट्टीचे. अरुंद आणि उंच अशा बंद कोठड्यांत कोळसा भरून तो हवेशिवाय हजार अंशांहून अधिक उष्णतेत अनेक तास तापवतात. त्यातील वायू निघून जातो आणि कठीण, सच्छिद्र कोक उरतो. या कोठड्यांच्या भिंती सिलिका विटांच्या असतात. त्या विटा एकदा तापल्या की तापलेल्याच राहाव्या लागतात. त्या थंड होऊ दिल्या तर आकुंचन पावून त्यांना तडे जातात. म्हणून कोकभट्ट्यांची रांग पहिल्यांदा तापवली जाते त्या दिवसापासून ती मोडीत निघेपर्यंत, म्हणजे कित्येक दशके, तिच्यातील अग्नी विझू देता येत नाही. सण असो, संप असो, मागणी घटलेली असो, भट्टीला सुट्टी नाही.

दुसरे ठिकाण झोतभट्टीचे. तिच्या तोंडातून खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थरांवर थर सोडतात आणि तळाजवळच्या नळ्यांतून तापलेल्या हवेचा झोत आत सोडतात. कोक जळतो तेथे उष्णता सुमारे दोन हजार अंशांपर्यंत जाते. त्यातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू वर चढताना खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो, लोखंड मोकळे होऊन तळाशी साचते, आणि चुनखडीशी मिळालेली अशुद्ध द्रव्ये मळी होऊन त्यावर तरंगतात. ठराविक वेळाने भट्टीचे द्वार फोडून लाल रस बाहेर काढतात. असा क्रम वर्षानुवर्षे अखंड चालतो. येथे फावडे घेतलेला स्टोकर दिसत नाही. त्याची जागा पट्ट्यांनी, वाघिणींनी आणि नियंत्रणकक्षातील पडद्यांनी घेतली आहे. २०१८ मध्ये भिलाईत सुरू झालेल्या ‘महामाया’ या आठव्या झोतभट्टीची धारणा सुमारे चार हजार घनमीटर आहे. तिला हाताने खाऊ घालण्याची कल्पनाही करवत नाही. परंतु अग्नीला किती द्यावे, केव्हा द्यावे, वारा किती सोडावा, हे जुने प्रश्न तसेच आहेत. त्यांची उत्तरे देणारी माणसे तीन पाळ्यांत जागी असतात.

काही कारणाने झोतभट्टी थांबवणे भागच पडले, तर काय करतात हे पाहण्याजोगे आहे. आधी तिच्यात नेहमीपेक्षा अधिक कोक भरतात, मग झोत बंद करून हवेच्या सर्व वाटा लिंपून टाकतात. आतला अग्नी गुदमरून विझत नाही आणि भडकतही नाही. तो दिवसेंदिवस धुमसत राहतो. पुन्हा झोत सोडला की भट्टी जागी होते. यात चूक झाली तर आतला रस थिजतो, तळाशी लोखंडाचा खडक होतो, आणि तो काढताना भट्टीच मोडण्याची वेळ येते. रात्री निखाऱ्यांवर राख ओढणाऱ्या गृहिणीने जे केले तेच हे. तिच्या चुलीचा विस्तव विझला तर शेजार होता. झोतभट्टीला शेजार नाही.

अग्नी राखणाऱ्याला अग्नीचे भय सोडत नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाई कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोकभट्टीच्या वायुवाहिनीच्या दुरुस्तीचे काम चालू असताना आगीचा भडका उडाला आणि दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. लोखंड मोकळे करणारा वायूच माणसाचा श्वास बंद करतो. ही माणसे काही नवे पेटवायला गेली नव्हती. जे चालू होते ते चालू राहावे, यासाठी ती तेथे होती.

आता शब्दाकडे पुन्हा पाहता येईल. इंग्रजी वृत्तपत्रांत ‘स्टोक’ हा शब्द भट्टीपेक्षा मनाच्या संदर्भातच अधिक वेळा भेटतो. भय ‘स्टोक’ केले जाते, द्वेष ‘स्टोक’ केला जातो, महागाई ‘स्टोक’ होते. आणि उत्साह व महत्त्वाकांक्षा यांनाही हाच शब्द लागतो. पोटभर जेवणे याला विनोदाने हाच शब्द लावतात. समुद्राच्या लाटांवर फळीने स्वार होणाऱ्या अमेरिकन तरुणांनी तर अत्यंत आनंदित या अर्थी ‘स्टोक्ड’ हे विशेषण रूढ केले. मराठीत भाषांतर करणाऱ्याला येथे एका शब्दाने भागत नाही. वाईट हेतू असेल तेथे ‘चिथावणे’, ‘डिवचणे’ किंवा ‘आगीत तेल ओतणे’. चांगला असेल तेथे ‘चेतवणे’ किंवा ‘फुलवणे’. इंग्रजी शब्द केवळ कृती सांगतो; मराठी शब्द कृतीबरोबर तिचा निवाडाही सांगून टाकतो.

तरीही मूळ शब्दातील एक सूचना भाषांतरात हरवू देऊ नये. द्वेष ‘स्टोक’ केला, असे म्हणताना तो आधीच कोठेतरी धुमसत होता हे मान्य केलेले असते. म्हणून ‘आग मी लावली नाही’ एवढ्याने फुंकणारा निर्दोष ठरत नाही. भारतीय दंडविधानाचे कलम १५३-अ हेच सांगत आले. समाजात वैर वाढवणे हाच तेथे अपराध होता, वैर प्रथम कोणी निर्माण केले हा प्रश्न वेगळा. आणि २०२४ मध्ये दंडविधानाची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही हा अपराध कायम आहे. भट्टीचा स्टोकर आणि द्वेषाचा स्टोकर यांच्यात एक मोठा भेदही आहे. पहिला आगीच्या तोंडापाशी उभा असतो आणि पहिली झळ त्यालाच लागते. दुसरा सुरक्षित अंतरावर बसतो आणि झळ इतरांना लागते.

असे असूनही भाषेने अपमान केला तो पहिल्याचा. भिलाईच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या हिंदीत ‘भाड़ झोंकना’ म्हणजे आयुष्य फुकट घालवणे. भाड म्हणजे भडभुंज्याची भट्टी. तिला इंधन घालणारा तो कमी प्रतीचा, असा त्यातला भाव. मराठीत ‘चूल फुंकणे’ हे शब्द बायकांच्या कामाला हिणवण्यासाठी वापरले गेले. घरातील प्रत्येकाचे अन्न ज्या फुंकरीवर शिजले, तीच फुंकर उपहासाचा विषय झाली.

धर्मपरंपरांनी मात्र या कामाचे मोल जाणले. अग्निहोत्र्याचे व्रत अग्नी पेटवण्याचे नसून तो सकाळ-संध्याकाळ सांभाळण्याचे आहे. पारशी समाजाचा उदवाडा येथील इराणशाह अग्नी १७४२ पासून त्या गावात तेवत आहे, आणि दिवसाच्या पाचही प्रहरी त्याची सेवा होते. शिर्डीला साईबाबांची धुनी त्यांच्या निर्वाणानंतर, १९१८ नंतरही, विझू दिलेली नाही. या तिन्ही ठिकाणी महत्त्व आहे ते न चुकता लाकूड घालणाऱ्या हाताला.

लोकजीवनात ही जाण यायला हवी. पाटबंधारे, शाळा, रुग्णालय, कारखाना यांपैकी काहीही उभे राहिले की उद्घाटनाची कोनशिला बसते आणि तीवर नाव कोरले जाते. पुढील तीस-चाळीस वर्षे ते चालते ठेवणाऱ्यांसाठी कोनशिला नसते, आणि अंदाजपत्रकात देखभालीचा आकडा पहिल्यांदा कापला जातो. भिलाईची भट्टी हा हलगर्जीपणा सहन करत नाही, कारण तेथे राखण्यात झालेली चूक काही तासांतच दिसते. इतरत्र ती दिसायला वर्षे लागतात, एवढाच काय तो फरक.

१९५९ च्या त्या फेब्रुवारीत भिलाईचा अग्नी कोणाच्या हस्ते कार्यान्वित झाला हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. त्याच रात्री पाहुणे परतल्यावर, तिसऱ्या पाळीला भट्टीपाशी कोण उभे होते, याची नोंद कोणत्याही शिलालेखावर नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी तापलेली होती, ती त्यांच्यामुळे.